योगेशच्या जीपची हवा

२१ सप्टेंबर, रविवार

फाडला टायर! लोकांना हिंडवायला योगेश सुरगाण्याकडच्या डोंगरात जीप घालतो. दगडात चाक धरावं म्हणून हवा कमी करतो — ते बरोबर. पण खाली आल्यावर भरायची कुठं? तसाच डांबरीवर पळवला. विकतचा पंप दुसऱ्याच चाकाला जळाला म्हणे.

म्हटलं, मी बनवते. हसला! "आई, तू सायकली-रिक्षांची पंक्चरं काढलीस. हे वेगळंय."

त्याच पंक्चरांवर तुझी दहावी झाली रे, तीही दोन दमात!

पेठ रोडचं माझं पंक्चरचं दुकान त्याला मोबाईलवाल्याला द्यायचंय. सामान भंगारात. शेवटी म्हणाला, "दसऱ्यानंतर चारी चाकं भरून दाखव. मग दुकानाचं नाव काढणार नाय." सून साक्षीला होती.

२४ सप्टेंबर

भंगारातून फ्रीजचा कॉम्प्रेसर आणला. ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी दुकानातच होती, ह्यांच्या वेळची. वेल्डर म्हणतो, मावशी, गॅसची टाकी लावू. म्हटलं, तुझ्या घरी लाव अन् तिथंच फुट!

जीपच्या बॅटरीवर इन्व्हर्टर, त्यावर कॉम्प्रेसर, पुढं टाकी, दाब दाखवायचा काटा, जादा हवा सोडायचा व्हॉल्व्ह. उज्वला पाना धरायला होती. नट कुठल्या बाजूला सुटतो तेही कळत नाय तिला. इतकी वर्षं सून म्हणून हाय घरात!

२७ सप्टेंबर

भरलं एक चाक! चष्मा सापडेना, काटा मंजुषानं वाचला. "आजी, पस्तीस." नातीवर अन् काट्यावर माझा भरवसा नाय. टायरवर पाना हाणून आवाज ऐकला. टणक. दोघं खरं बोलत होते.

३० सप्टेंबर

गुडघा. दिवसभर गुडघाच.

२ ऑक्टोबर, दसरा

योगेश गिऱ्हाईक घेऊन गेलेला. पूजा आम्ही दोघींनीच केली. मशीन पुसलं, हळद-कुंकू, नारळ, झेंडूची माळ. पूजेनंतर यंत्र एकदा चालवायचं, ही दुकानाची रीत. उज्वला म्हणते, "आई, माळ काढायची का आधी?" म्हटलं, पूजेची माळ लगेच उतरवतात का? गप बस.

चाललं. काय गोड आवाज!

४ ऑक्टोबर, शनिवार

नाक कापलं. सगळी आळी बघायला आली अन् टाकी भरेना! मशीन नुसतं घुरघुरतंय, काटा जागचा हलत नाय. योगेश म्हणाला, "आई, झालं ना आता समाधान?" मोबाईलवाल्याला फोन लावायला आत गेला.

मी उज्वलावर तुटून पडले. तुझ्या हाताला यश नाय, नट ढिला ठेवलास — चारचौघांत. ती पाना ठेवून आत गेली.

दुपारी तिनंच हवा ओढायची नळी उघडली. आत झेंडूच्या पाकळ्या अन् हळदीचा चिखल! माळ मीच घातलेली. बटणही मीच दाबलेलं.

नळी माझ्यापुढं ठेवली अन् भाकरी टाकायला गेली. मी नळी धुवायला घेतली.

संध्याकाळी योगेश आपोआप नरमला. "उद्या डोंगरात नेतो, बघू." का नरमला कोण जाणे.

५ ऑक्टोबर

नळीच्या तोंडाला उज्वलानं गाळणी बांधली. माझी चहाची गाळणी! विचारलंसुद्धा नाय.

चारला योगेशचा फोन. चारी चाकं भरली! वर दुसऱ्या एका जीपचीही दोन. दुकान राहिलं.

६ ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना योगेश म्हणाला, "आई, उज्वलाला आता बोलू नको. शनिवारी माझ्या हातातला फोन धरला तिनं. म्हणाली, माळेनंच नळी तुंबली असंल, आईंची चूक नाय, माळ मी घातली."

चहा संपवला. दुकानाची किल्ली उज्वलाच्या हातात दिली. नट डावीकडं सुटतो, एवढंच सांगितलं.