सईला समुद्र मिळाला

ब्योब्लिंगेन, जर्मनी, गुरुवार, संध्याकाळ

सईची निवड झाली! जर्मन नौदलाच्या अधिकारी शाळेत. मी पोळ्या करत होते, ती फोन नाचवत आली. “आई, इश बिन ड्रिन!” म्हणजे, मला घेतलं! तव्यावरची पोळी करपलीच.

तेव्हापासून डोळ्यांसमोर नुसतं करडं पाणी. उत्तरेचा तो समुद्र मी एकदाच पाहिलाय, पण आज तो आमच्या खिडकीपर्यंत आल्यासारखा वाटतोय. त्यावर त्यांचं प्रशिक्षणाचं शिडाचं जहाज, आणि दोरावरून वर चढणारी माझी सई. पडेल का? किती सुंदर दिसेल! दोन्ही एकदमच मनात येतं.

पण अण्णांना कोण सांगणार? माझे सासरे, साताऱ्याला असतात, उमेदीची सगळी वर्षं भारतीय लष्करात गेलेली. शेवटी सईनंच फोन लावला, स्पीकरवर. एरवी मला जर्मनमध्ये उत्तरं देणारी पोरगी, आज अडखळत मराठीत बोलली.

“दुसऱ्या देशाची वर्दी घालणार तू?” अण्णांनी विचारलं.

“आजोबा, मी इथेच जन्मले. माझा हाच देश आहे ना.”

मला पुन्हा ते करडं पाणी दिसायला लागलं, दोघांच्या मधे पसरलेलं. आता अण्णा चिडून काही बोलले तर?

“बूट मिळाले की एकावर एक दोन मोजे घाल,” अण्णा म्हणाले. “पहिल्या आठवड्यात टाचा सोलवटतात.”

“सोलवटतात म्हणजे?”

अण्णा हसले आणि समजावायला लागले. मी हळूच बाल्कनीत येऊन बसले. केव्हाची लिहितेय, आत दोघांचं अजून संपलेलं नाही.