कुडातली काडी

आई, अकोल्याच्या आपल्या अंगणातली ती उन्हाळी चूल आज अमरावतीत माझ्या ऑफिसात कामाला आली. मी पोटापाण्याला काय करते ते तुला कधी सांगता आलं नाही. पुस्तकं चाळत, चुकतमाकत शिकले, आणि नीट सांगण्याइतकं कळेस्तोवर तू गेली होतीस.

संत्र्याच्या बागांना पाणी सोडणारा डबा आम्ही बनवतो. त्यात लहानसा कॉम्प्युटर, त्यात बरेच प्रोग्रॅम. त्यांना मेमरी वाटून देणारा आणि काम झालं की परत घेणारा कारभारी म्हणजे कर्नल. तो मी लिहिते. हल्ली डबे मधेच गोठायचे, पाण्याची झडप उघडी ती उघडीच. मुळाशी पाणी तुंबलं की संत्र्याचं झाड मरतंच. बागायतदारांनी निक्षून सांगितलं, आता एकदा जरी झालं तर डबे परत.

आमची नवी इंजिनीअर कपाळाला हात लावून बसली होती. "काकू, प्रोग्रॅम तर बंद झाला. मंग मेमरी परत घेतली, त्यात काय चुकलं?"

"देखरेखवाला प्रोग्रॅम अजून त्याच मेमरीत पाहून राहिला होता ना बाई! त्याच्या डोळ्यांदेखत ती दुसऱ्याले देऊन टाकली."

आणि मला तू दिसलीस. कुरडयांचे दिवस आहेत, गल्लीतल्या बाया आपल्या चुलीवर चीक शिजवायला येताहेत. आली की आधी कपाशीच्या पऱ्हाटीची एक काडी चुलीमागच्या कुडात खोचायची, मगच चुलीला हात लावायचा. जाताना आपली काडी काढायची, आणि शेवटची काडी काढेल तिनं चूल विझवायची. शेजारची काकू काडी खोचून चिकाचं पातेलं आणायला घरी गेली. चुलीपाशी कोणी नाही पाहून मी चूल विझवायला पाण्याचा तांब्या उचलते, तोच तुझा आवाज: "काडी दिसत नाही काय तुले? माणूस दिसत नाही म्हंजे काम सरलं काय?" पातेलं घेऊन आलेली काकू वर म्हणते, "तुई पोरगी सासरी जाऊन साऱ्याइच्या चुली इझवीन वो!"

कर्नलात आज तोच नियम घातला. मेमरी किती जण वापरताहेत त्याची मोजणी म्हणजे आमच्या काड्या. आमचा देखरेखवाला आधी डोकावायचा आणि मग त्या मोजणीत एक वाढवायचा. तेवढ्या फटीत चूल विझायची. आता आधी वाढवायचं, मग डोकावायचं, झालं की कमी करायचं, आणि शून्यावर आणेल त्यानंच मेमरी परत द्यायची. इंजिनीअर पोरीनं विचारलं, "अन् काडी काढाले विसरलं तर?"

"तर चूल फुकट जळत राहते. मेमरी अडकून पडते. काम सरलं की काढायचीच."

दिवसभर डबे हवे तसे पिदडले. एकही गोठला नाही. बागायतदारांना मीच फोन करून सांगितलं, बिनघोर ठेवा. नवा कर्नल उद्या बागेतल्या डब्यांत बसवतोय.

फक्त एक आहे, आई. तुझ्यामागे तो कूड पाडला तेव्हा त्यात एक काडी राहिली होती. ती माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात आहे. आज पोरगी कचरा म्हणून ती उचलायला गेली, तर मी तिचा हात धरला. हे पत्रही आता तिथंच, त्या काडीजवळ घडी करून ठेवते. नियम मी साऱ्यांना शिकवते. ही एक काडी काही माझ्यानं काढवत नाही.