पाचशे माणसांची बस

४ मे, सोमवार
साहेबांनी टिकटिक करणारं मोजणीयंत्र हातात ठेवलं. म्हणाले, आठवडाभर गेटसमोर बसा, पायी जाणारं प्रत्येक माणूस मोजा, अंदाजे वयही लिहा. रोज पाचशे भरले तर बस थेट तिथवर न्यायची. आणि गेट कुठलं — आमच्याच सोसायटीचं! नगररचना खात्यात नोकरी करून शेवटी स्वतःच्याच दारात स्टूल टाकून बसायची वेळ आली.

५ मे, मंगळवार
दोनशे अकरा. त्यात दोनदा मीच.

आकडा ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. शहराबाहेरच्या या बाराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून त्यांची बहिणीशी भेट नाही — आठ महिने! बसस्टॉप पार हमरस्त्यावर, पायी वीस मिनिटं, आणि त्यांचे गुडघे म्हणतात नको. नवरा दर रविवारी म्हणतो, "पुढच्या रविवारी नक्की नेतो, आई."

"चालता येतं त्यांना मोजताय," सासूबाई म्हणाल्या. "बसची गरज असलेले आम्ही घरात बसलोय. आम्हाला कोण मोजणार?"

मी भांडी घासत राहिले.

६ मे, बुधवार
अकराला सासूबाई काठी टेकत खाली. माझ्यासमोरून गेल्या — टिक. परत आल्या — टिक. मग स्कार्फ बांधून. मग गॉगल लावून! ओळखसुद्धा दाखवेनात!

"आई, हे बरं दिसत नाही."

"तू तुझं काम कर. तुमच्या नियमात काय लिहिलंय ते बघ आधी."

बघितलं. 'प्रत्येक ये-जा स्वतंत्र धरावी.' धरली. संध्याकाळी त्यांचे गुडघे शेकले आणि शेकता शेकता चार शब्द सुनावले.

८ मे, शुक्रवार
कहर! बिल्डिंगमधली सगळी म्हातारी फौज खाली. आठव्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर शिट्टी फुंकून दोघादोघांची रांग लावतात. वॉचमन पाणी वाटतो. सहाशे चाळीस! माझा अंगठा सुजलाय.

१० मे, रविवार
नवरा म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी..."
"बाजूला हो, फेरी चुकतेय माझी."

११ मे, सोमवार
अहवाल दिला. खोटं एक अक्षर नाही, पण खरंही काही नाही. नोकरीवर आलं तर? येऊ दे. त्यांना एकदा बहिणीचं तोंड दिसू दे, एवढंच मनापासून वाटतंय.

१४ मे, गुरुवार
साहेब बेहद्द खूश! वयाच्या रकान्यावर बोट ठेवून सगळ्यांना वाचून दाखवलं. "बघा, सत्तरीची माणसं! काय ही चालायची हौस! यांना बस देऊन कशाला बिघडवायचं?"

बस रद्द. त्याऐवजी रुंद फुटपाथ, झाडं आणि सहा बाकं!

घरी सांगताना मला रडूच आलं. सासूबाईंनी पदराने माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "रोज किती फेऱ्या व्हायच्या गं माझ्या?"

"शेवटी शेवटी तीस."

"हं."

१६ मे, शनिवार
ऑफिसातून आले तर घर रिकामं. काठी कोपऱ्यात! वॉचमनला विचारायला निघाले. तेवढ्यात फोन —

"पोचले गं. हमरस्त्यापर्यंत चालत, पुढे बस. बहिणीचं रडून झालं, आता भांडतेय. आणि ऐक, इथेही गेटशी तुमची एक मुलगी टिकटिक करत बसलीये. किती फेऱ्यांना बस मिळते आणि कितीला बाकं, ते साहेबांना नीट विचारून सांग."