कूलरसमोरची मशीन

प्रिय अमोलभाऊ,

म्हणजे तू अजून साऱ्या मूर्तिजापुरात तेच सांगून राहिला, का धर्मानं गेमच्या मशीनमधला बोर्ड काढून विकला. सांग. तुझं तोंड कोण धरणार. पण एक गोष्ट तू कोणाले सांगत नसशीन, का ज्या मशीनमधून मी बोर्ड चोरला म्हणतो, तीच उचलून तू माझ्या कानावर घातली होती. गिऱ्हाईक बसलं होतं, हातात रिमोट, समोर टीव्ही काळा, अन् तू ती वायरीसकट उपटली. डाव्या कानानं मले आजही ऐकू येत नाही. इथं हैदराबादेत रस्ता ओलांडाचा तर पूर्ण मान फिरवून पाहावं लागते, नाही तर रिक्षावाले आईबहिणीवर येतात. अन् आता तिसरी मशीन मेली तर तू पियुषच्या मागं लागला. रागिणी वहिनीचा सख्खा भाऊ तो, अकोल्याहून तुझ्या दुकानावर बसायले आला, तुले भाऊजी भाऊजी करत. त्याचा हात तू उंबऱ्यावर दाबून ठेवला अन् वरून शटर ओढलं. म्हटलं, बोर्ड आण, नाही तर दुसराही हात देतो खाली. तो पळाला म्हणून वाचला. आता तू त्याले हुडकून राहिला. परतवाड्याले त्याच्या मावशीचं दार लाथेनं तोडलं हेही कळलं मले. इतक्या दूर कानावर आलं, एकाच कानावर का असेना.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला. म्हणून सातवीत शाळा सोडलेला माणूस कागद घेऊन बसला. चुकलं तर हासू नको, अन् फाडू नको. शेवटपर्यंत वाच.

दुकान उघडलं तो उन्हाळा आठव. खुशालरावाची पोरं वावर सोडून शटरमध्ये बसली म्हणून लोक हासले होते, अन् मग त्याइचीच पोरं पैसे देऊन गेम खेळायले रांग लावून उभी राहिली. पहिली मशीन आली तेव्हा तू तिले हळदकुंकू वाहिलं, आईनं नारळ फोडला. मे महिन्यात ती तापायले लागली. आतला पंखा असा ओरडे जशी चक्कीच सुरू आहे, मग लाल दिवा, अन् ऐन खेळात टीव्ही काळा. पोरं खुर्च्या आपटत, पैसे परत मागत. एकानं तर रिमोट तुझ्या छातीवर फेकला होता अन् तू त्याले गाळ्याबाहेर फरफटत नेऊन नालीत पाडला होता. दुसऱ्या दिवशी तू घरचा कूलर दुकानात आणला अन् त्याचं तोंड सरळ मशीनकडे केलं. मी म्हटलं, आमी काय उकडून मरू? तू म्हणाला, माणसाले घाम आला तर पुसता येते, मशीनले कोण पुसते. सारे हासले. आमी बनियनवर बसलो घामाघूम अन् मशीन थंडगार वाऱ्यात राणीसारखी. महिनाभर लाल दिवा दिसला नाही. सारे तुले हुशार म्हणाले. मीही म्हटलं.

मग पावसाळ्यात ती मेली ती मेलीच. अकोल्याच्या दुकानदारानं उघडूनही पाहिली नाही. वरूनच म्हणाला, याच्या आत कोणाचा तरी हात लागला, आतला माल बदलला, आमची जबाबदारी नाही. त्याले फुकट दुरुस्ती द्यायची नव्हती, बस्स. अन् तू बसस्टँडवरून दुकानात येईस्तोवर चोर पक्का करून ठेवला. मशीन पुन्हा जोडून पाहिली, टीव्ही काळाच, मग तीच माझ्या कानावर. दुकानाची चावी माझ्याजवळ असे ना. घरी आईनं मधात हात घातला तर तिलेही ढकललं, ती चुलीजवळ पडली. मी कानातून रक्त गाळत एसटीत बसलो अन् ती मेलेली मशीन पिशवीत घालून घेऊन आलो. तू म्हणाला, घेऊन जा तुझ्या पापाचं मढं.

दुसऱ्या मशीनचंही मले कळलं. अमरावतीचा तो मेकॅनिक, बायकापोरांचा माणूस. त्यानं सांगितलं बोर्ड गेला, तर तू म्हणाला तूच विकला. त्याचीच सोल्डरिंगची तापलेली दांडी त्याच्या पंजावर टेकवली अन् तो ओरडला, विकला, विकला. तुले वाटलं खरं निघालं. अरे, हातावर लाल लोखंड असल्यावर माणूस म्हणीन का रावणाले मीच मारलं. बाबा ठाण्यात त्याच्या पाया पडले तेव्हा मिटलं. बाबा मले फोनवर म्हणाले, धर्मा, त्याचा पंजा पाहून मले जेवण गेलं नाही.

आता माझं ऐक. ती मशीन मी कशासाठी ठेवली होती सांगू? कोपऱ्यावर माझंच रक्त वाळून काळं झालं होतं, ते मी पुसलं नाही. रोज पलंगाखालून काढून पाहत होतो. ठरवलं होतं का एक दिवस येईन अन् त्याच कोपऱ्यानं तुझं डोकं फोडीन, दुकानातच, गिऱ्हाइकासमोर. कुठं उभा राहीन, तू कसा वळशीन, सारं डोक्यात पाठ होतं. रजा मागितली होती, मशीन पिशवीत भरून कामावरूनच गाडी धरणार होतो. मी ज्या दुकानात कामाले आहे तिथं मोबाईल, टीव्ही, असल्या मशीना दुरुस्त होतात. उस्तादानं माझी पिशवी पाहिली, म्हणे निकाल, देखें. माझ्यासमोर त्यानं खालचं सील तोडलं. कंपनीचं सील, भाऊ, शाबूत होतं. तू मशीन उलटी करून पाहिली असती तरी दिसलं असतं. आत बोर्ड होता, जागच्या जागी. फक्त त्याच्यावर पांढरी बुरशी चढल्यासारखी अन् खालून तांबं हिरवं पडलेलं. उस्ताद हासला. म्हणे, तेरे गाँव में समंदर है क्या? म्हटलं समुद्र नाही, खारं पाणी आहे. ती पांढरी भुकटी मी बोटावर घेऊन जिभेले लावली. आपल्या बोअरची चव. जे पाणी आपण पीत नाही, ढोरं तोंड फिरवतात, तेच कूलरमध्ये भरतो. जाळीवर मिठाचा थर बसतो, आई टाकी विटेनं घासते, अन् त्याच कूलरचा वारा तू मशीनच्या नाकात दिला. वाऱ्यासंगं पाणी गेलं, पाण्यासंगं मीठ. पहिली तशीच मेली, दुसरी तशीच, तिसरी तशीच. चोर कोणीच नव्हता. माझा कान, मेकॅनिकचा पंजा, पियुषची बोटं, सारं त्या वाऱ्यापायी.

हे कळल्यावर हासू याले पाहिजे होतं. नाही आलं. हात आणखीच शिवशिवला. मग उस्तादानं चहा मांडला अन् मी रजेचा कागद फाडला. तू हे वाचून मानशीन असं नाही. म्हणशीन, धर्मानं तिकडं मीठ चोळून आणलं. चौथी मशीन घेतली तर निदान कूलरचं तोंड माणसाइकडे कर.

पियुषले हुडकणं बंद कर. तो माझ्या खोलीवर आहे. दोन बोटाइत सळया घातल्या, बाकीची हलतात. झोपेत दचकून हात छातीशी घेतो. त्याले इकडचं तिकीट कोणी काढून दिलं हे वहिनीले विचारू नको. तिले काही माहीत नाही. पुन्हा लिहितो, वहिनीले काही माहीत नाही. तुझा स्वभाव मले ठाऊक आहे. बाहेरचा माणूस हाती लागला नाही का तू घरात पाहतो, अन् घरात मार खायची आता तीच राहिली. काल मीच शेजारच्या शकुनकाकूच्या फोनवर तिले बोलावलं तेव्हा विचारलं, आवाज असा काहून येऊन राहिला. म्हणे सर्दी आहे. मे महिन्यात. त्याच्यावरून लिहायले बसलो, बाकी सारं त्याच्यापायी लिहिलं. तुले मशीनचे पैसे पाहिजे होते ना? पियुषनं काही विकलं नाही, मी काही विकलं नाही, तरी घे. घे अन् तिच्यावरचा हात खाली ठेव. तुझ्या खात्यात नाही टाकले, आईच्या टाकले, ती वहिनीसमोर तुझ्या हातात मोजून देईन. अठरा हजार.

तुझाच,
धर्मा