जाळलेली जागा, न वेचलेला मोह

३ मार्च
दुपारी वाइंडिंगच्या दुकानात एक प्रेमाचा पिक्चर पाहिला. मोबाइलवर, फुकटातला. दोन माणसं, एक सायकल, एक बसस्टॉप, खर्च तेवढाच. शेवटी ती बसमध्ये चढते आणि तो तिची विसरलेली छत्री खिडकीतून देतो. बस्स. माझ्या डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात पोंभुर्ण्याचा एक जण जळालेली मोटर घेऊन दारात. "काय झालं भाऊ?" त्याने विचारलं. म्हटलं, वॉर्निशचा वास चढला. वॉर्निशचा डबा बंद होता. ते त्यानेही पाहिलं असावं.
पन्नाशीच्या माणसाने हे करावं! घरी बोललो नाही. पिक्चरवाल्या ग्रुपवर लिहिलं : "कथा ठीक. बस जाणारी, पाटी मात्र परतीच्या गावाची."

६ मार्च
आणखी एक प्रेमाचा. कोरपन्याकडे काढलेला दिसतो. नायक-नायिका कापसाच्या गंजीवर लोळतात, गाणं संपेपर्यंत. इतकं लोळलं तर खाजवता खाजवता गाणं विसरतील. वेचणाऱ्या बाईच्या नखांना लाल पॉलिश. ग्रुपवर टाकलं, सगळे हसले. झेरॉक्सवाला बंडूभाऊ : "मास्तर, तुमच्या तावडीतून एक पिक्चर सुटत नाई."
मी मास्तर नाही. दहावी नापास. वाइंडिंग शिकलो ते जळालेल्या मोटरी उकलून, इंग्रजी शिकलो ते डब्यांवरचं वाचून. पण कुणी मास्तर म्हटलं की बरं वाटतं. खरं आहे म्हणून लिहून ठेवतो.
सौ. : "तुमी पाह्याले बसता का चुका काढाले?"

११ मार्च
सौ.ने एक लिंक पाठवली. "हा पाहा. पूर्ण पाहा." भुताचा. हल्ली निघतात तसला : कुणी तरी स्वतःच मोबाइल धरून जंगलात जातं, परत येत नाही, मोबाइल तेवढा सापडतो, त्यातलं आपण पाहायचं. या जातीच्या पिक्चरबद्दल माझं मत पक्कं. ज्याला जीव घेऊन पळायचंय तो शूटिंग कशाला करत बसेल? स्वस्तात होतं म्हणून काढतात. कॅमेरा हलवत ठेवला की काही दाखवावं लागत नाही.
बसलो तर दोन पंप आले. टेस्टिंगच्या आवाजात अर्धा पाहिला. एक मुलगी, चेहरा नाही, नुसत्या धापा. पहाट. मोहाचं झाड, खाली काळं गोल, त्यावर मोहाच्या फुलांचा पिवळा थर. ती कुजबुजते, "इथी कोणी येत नाई."
काळ्या गोलाचं कसलं भेव? मोह वेचायच्या आधी खालचा पाला जाळून जागा साफ करतात, फूल दिसावं म्हणून. आणि जागा जाळली तर मग वेचलं का नाही? मोह असा पडू देणारं गाव मी पाहिलं नाही. एक तर जाळू नका, नाही तर वेचा.
पिक्चरखाली हेच लिहिलं, नावानिशी. शेवटी : "ज्याने कधी मोह वेचला नाही त्याने मोहाच्या झाडाखाली कॅमेरा नेऊ नये." तेच ग्रुपवर. वाक्य जमलं होतं.

१२ मार्च
माझ्या कमेंटला लाइकच लाइक. खाली एकाने लिहिलं, "भूत कुठी हाय? मोहाची पिऊन झोपलं काय?" मी त्याला हसायची खूण टाकली.
सौ.ला दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. वाचलं, मोबाइल परत दिला.
"पूर्ण पाह्यला?"
"पाहण्यासारखा नव्हता."
लाटत राहिली. मला वाढलं, स्वतः नंतर जेवली.

१३ मार्च
पिक्चर गायब. लिंक दाबली तर काही येत नाही.
दुपारी सौ. दुकानात आली. कधी येत नाही. स्टुलावर बसली. "रोशनीनं काढून टाकला."
रोशनी म्हणजे गजाननची, सौ.च्या भावाची मुलगी; मला फुफाजी म्हणते. चंद्रपूरला नर्सिंगला आहे. मागच्या साली दोन मैत्रिणी घेऊन मोबाइलवर बनवला तिने. "मीच म्हटलं होतं तिले, फुफाजीले सांगू नको तुहा पिक्चर हाय म्हणून. मंग ते खरं सांगतीन."
मी म्हटलं, "पण तो मोह असा पडलेला..."
"माह्या मायचं झाड हाय ते."
सासूबाई पहाटे मोह वेचायला गेल्या होत्या. वाकून वेचणारं माणूस वाघाला... पुढे लिहवत नाही. मौतीला मी गेलो होतो. झाड कुणी तरी दुरून दाखवलं होतं.
तेव्हापासून त्या झाडाखाली कोणी वेचत नाही. गजानन मात्र दर साली जागा जाळतो. मायला साफ जागा लागायची म्हणून. जाळतो आणि फुलं तशीच राहू देतो.
उठताना सौ. म्हणाली, "तुमी वेचला काय कधी मोह?"
नाही.

१४ मार्च
काम झालं नाही. एक कॉइल उलटी भरली.
जाळणं, पहाट, वाळवणं, मोहाचं मला जे माहीत ते सगळं सौ.च्या तोंडून ऐकलेलं. तिच्याकडूनच घेतलं आणि तिच्याच माहेराला फेकून मारलं.
दर साली या दिवसांत ती एक दिवस माहेरी जाऊन येते. हात काळे घेऊन येते. मी विचारलं नाही कधी. एकदा फक्त म्हटलं होतं, नळाला डाग पडले.
मी जात नाही. उन्हाळी धानाचे पंप जळतात, दुकान सोडता येत नाही, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे त्या घरात कुणी रडायला लागलं तर हात कुठे ठेवावे कळत नाही.

१६ मार्च
ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी "अनवधानाने" असा शब्द आला. अनवधान कसलं, चांगलं मन लावून लिहिलं होतं. खोडलं. शेवटी : "मी अर्धा पिक्चर पाहून मत दिलं. जागा जाळून मोह न वेचणारं घर आहे. माझ्या सासुरवाडीचं आहे. मी चुकलो."
बंडूभाऊ : "घरचा पिक्चर निघाला म्हून पार्टी बदलली काय मास्तर?" खाली हसण्याच्या खुणा. यांना हसायची सवय मीच लावली.
रोशनीला फोन केला. उचलत नाही.

२० मार्च
सौ. निघाली. म्हटलं, मी येतो.
"अन् पंप?"
"राहू दे."
गाडीवर मागे बसली.
गजानन अंगणात. "या भाऊजी." पाणी दिलं, खाट टाकली. पिक्चरचा विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवताना म्हणाला, "यंदा मोहाले उशीर हाय." मी मान डोलावली, जसं काही मला कळतं!
रोशनी आली आहे सुट्टीवर. ताट ठेवून गेली.

२१ मार्च
उजाडल्यावर त्या झाडाकडे गेलो. आता एकटं कोणी जात नाही, घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत. गजाननने पाला ओढून पेटवला. सौ. ओल्या फांदीने कडेची आग मारत होती. मला म्हणाली, "वाऱ्याच्या तोंडी नोका उभे राहू." दुकानात आली त्या दिवसानंतर ती आपणहून बोललेलं पहिलं वाक्य.
परत आल्यावर रोशनी मोबाइल घेऊन समोर बसली. "बसा फुफाजी. पूर्ण पाहा."
पूर्ण पाहिला. भूत येतच नाही. मुलगी "आजी" अशी हाक मारते, मोबाइल हातातून पडतो, आभाळाकडे तोंड करून चालू राहतो. वरून एकेक फूल त्यावर पडत जातं. सगळं पिवळं होतं. संपलं.
सौ.ने पदर तोंडाला लावला. गजानन उठून गोठ्यात गेला.
"आता सांगा चुका."
"नाही काही."
"हाय. तुमचं तोंड सांगून राह्यलं. सांगा, नाईतं मी परत टाकतच नाई. घरच्यायनं चांगलं म्हटल्यानं काय होते?"
चूक आहे. मोह पहाटे गळतो, शेवटच्या चित्रात ऊन डोक्यावरचं. फुलं गळत नाहीत, वरून कुणी टाकतंय. कडेला फांदीवरून एक पाय लोंबकळतो. टाचेवर भेग, अंगठ्याचं नख काळं. तोच पाय सकाळी पाला पेटवताना माझ्यासमोर होता.
मायच्या झाडावर चढून फुलं टाकत बसला असेल गजानन, भर उन्हात.
सांगितलं तर ती तेवढा तुकडा कापेल. नाही सांगितलं तर पिक्चर टाकणार नाही, आणि टाकलाच तर माझ्यासारखा कुणी तरी तो पाय शोधून काढेल.
"पाच मिनिटं दे," म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलो. ती अजून ओट्यावर आहे, मोबाइल मांडीवर.
सौ. हाक मारते आहे, "येता का नाई बाहेर?"