जळका वास कुठून येत होता

पार्से, मंगळवार, संध्याकाळ

हॉलमधला छताचा दिवा आज पुन्हा फडफडला. बल्ब परवाच बदलला होता. आणि तो जळका वास. सासूबाई म्हणाल्या, "उदबत्तीचो आसतलो गो." उदबत्तीला प्लास्टिकचा वास येतो?

माझ्या मनात दुसरंच होतं. धाकटे दीर प्रकाश आपल्या खोलीतला नवा एसी सुरू करतात, तेव्हाच दिवा का फडफडतो? तेवढ्यात भावोजीच स्टूल घेऊन आले. "वयनी, बल्ब सैल झालो आसतलो, घट्ट करतंय." एवढी घाई कशाला? मी मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं.

त्याने टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली, मग होल्डर उतरवला. आतली वायर पार काळी पडलेली. तिलाच जोड देऊन एसीची लाइन नेली होती. खाली सोफ्यावर माझी लेक चिऊ रोज दुपारी झोपते.

प्रकाशभावोजी पुटपुटले, "मीच जोडलंय. दादाक सांगू नको."

वायरमनने तो जोड काढून टाकला. मी वास्कोला कामावर असलेल्या ह्यांना फोन लावला आणि भावोजींच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."