तिसऱ्या हाकेला ओ

८ फेब्रुवारी २००९, आमगाव
दादाने चहाच्या वेळीच विषय काढला. वहिनीच्या वडिलांचं बालाघाटला ऑपरेशन आहे, दोघांना आठ दिवस जावं लागेल. म्हणजे घरात माय आणि मी. मायला काहीच ऐकू येत नाही आणि मला नको ते ऐकू येतं. जोडी छान आहे.
दादा म्हणाला, "तू तिरोड्याले ताईकडं जाय. मायलेबी ने."
मी म्हटलं, लग्नसराईचे ब्लाउज कोण शिवेल मग, ताई? तिला बटन लावता येत नाही.
वहिनी माझ्या बाजूने. "राहू द्या ना जी तिले." दादा शेवटी कबूल झाला, पण अट घालून. आठ दिवस धड गेले तर पाडव्याला मला बाजारात शिलाईसाठी खोली घेऊन देणार. नाही गेले तर यापुढे खोलीचं नाव नाही आणि ते दोघं गावाला गेले की मी तिरोड्याला.
रात्रीची गोळी घेतली.

१० फेब्रु.
वहिनीने डाळ-तांदूळ दाखवले, जणू मी पाहुणी आहे. "टायमावर जेवजो. गोळी घेजो. मी संध्याकाळी फोन करीन."
खरी अडचण डाळ-तांदळाची नाहीच. दोघींची आहे. दोघी म्हणजे त्या दोन बाया, मी बाविशीची असताना ऐकू यायला लागल्या, त्या अजून मुक्कामाला आहेत. एक जाड आवाजाची, एक बारीक. शिवायला बसले की सुरू, उसवणार, उसवणार. त्याचं मला आता काही वाटत नाही. पण त्या ओळखीच्या माणसांच्या आवाजात मला हाकाही मारतात. तेव्हा मी वहिनीला विचारते, कोणी बोलावलं का? ती म्हणते, "नाई वं, शिव तू." की मी शिवते. आठ दिवस हे विचारायचं कोणाला?
मायला विचारून उपयोग नाही. गावात लग्नाचा बँड वाजला तरी ती म्हणते, आज कसं शांत आहे.

११ फेब्रु.
गेले दोघं सकाळच्या गाडीने. वहिनी फाटकापर्यंत जाऊन परत आली, माझ्या केसातला दोरा काढला, गेली.
माझा नियम आहेच. आमच्याकडे दिवेलागणीनंतर एका हाकेला कोणी ओ देत नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते, तिसरी हाक माणसाची. लहानपणापासून सगळे पाळतात, दादासुद्धा. फरक एवढाच की मी दिवसाही पाळते. दोघींना तिसऱ्या हाकेपर्यंत दम नसतो. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय, मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही, तीनदा बोलवा. मायशीही तसंच ठरवलंय.
गो. घे.

१३ फेब्रु.
वीज सकाळपासून नाही. मशीन पायाची आहे, तिला काय. पण रेडिओ बंद, आणि रेडिओ बंद झाला की दोघींचं फावतं. त्यांना म्हटलं, आत्ता काम आहे, संध्याकाळी सहाला या. आल्या नाहीत. सांगितलेल्या वेळेला यायला त्या काय शहाण्या आहेत.
दुपारी अंगणवाडीची बाई आली. अंगणातून, कुंदाबाई, कुंदाबाई, कुंदाबाई, शाळेत हजेरी घेतल्यासारखं. मागोमाग आणखी दोघीतिघी. कोणाला बाही छोटी, कोणाला गळा मोठा, सगळ्यांना आजच पाहिजे. डोकं भरून आलं. बाहेरच्या बायका कोणत्या आणि आतल्या कोणत्या तेच कळेना. म्हटलं, चूल पाहून येते. मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसले. घासलेलीच होती. राखेने परत घासली. पाण्याचा पितळी गुंड चकाकेपर्यंत सगळं जाग्यावर आलं. मग जाऊन मापं घेतली.
बाई म्हणाली, "चुलीवर काय ठेवलं होतं वं, येवढा टाइम लागला?"
म्हटलं, डोकं. ती हसली. मीही हसले.

१४ फेब्रु.
चांगला दिवस. तीन ब्लाउज झाले. मायसाठी वांग्याची भाजी, तिला आवडली पण म्हणाली नाही. आठ दिवसांतले निम्मे संपत आले. खोलीत मशीन कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं, उजेड डावीकडून येईल असं. पडदा निळा.
गो. घे.

१५ फेब्रु.
काय लिहू.
दुपारी हुक लावत होते. "कुंदे." मायचा आवाज, मागच्या दाराकडून. एकच. दोघींना मायचा आवाज फार छान जमतो. थांबले. दुसरी हाक नाही, तिसरी नाही. मनात म्हटलं, शाबास कुंदे, फसली नाहीस. उरलेले सगळे हुक लावले, वर काजं पण केली.
चहाची वेळ झाली तरी माय मागायला आली नाही. तेव्हा उठले.
माय परसात धुण्याच्या दगडाशी बसलेली. पाय मुरगळलेला, घोटा वांग्याएवढा. उठता येईना म्हणून सूप ओढून घेतलं होतं आणि लाखोळीची डाळ निवडत होती. पूर्ण निवडून झाली होती.
कानाशी जाऊन ओरडले, हाक काऊन नाही मारली?
"मारली ना एकदा."
तीनदा मारायची ठरली होती ना?
"तीनदा कायले मारू? मी का परकी आहो? माय आहो तुही."
मी तिथेच बसून रडले. फार वेळ. मायने सूप माझ्याकडे सरकवलं. "रडता रडता पाहून घे, एखादा खडा राह्यला असन." सापडले पण दोन.
अंगणवाडीच्या बाईला बोलावलं, दोघींनी मिळून मायला आत आणलं. दोघींनी म्हणजे बाई आणि मी. हळद-चुन्याचा लेप लावला. हाड मोडलं नाही, बोटं हलतात.
वहिनीचा फोन आला तेव्हा सगळं ठीक म्हटलं. माय समोरून हाताने खुणावत होती, सांगू नोको.

१६ फेब्रु.
नियम बदलला. गोंदियाचे डॉक्टर म्हणतात, "आवाज़ से लड़ना मत, अपना काम करते रहो." बरोबर आहे. पण कामात हेही धरायचं. ओ द्यायची नाही, उठून पाहून यायचं. खरी असेल तर माणूस सापडेल, खोटी असेल तर पाय मोकळे होतील.
दोघींना कळलं वाटतं. दिवसभर मायच्या आवाजात हाका. दिवसभर मी मागच्या खोलीत. माय वैतागली. "काऊन घडीघडी येऊन राह्यली? मरून नाही राह्यली मी." चालू दे. गोळ्यांनी वाढलेलं वजन तरी उतरेल.
आणि गंमत अशी की एकदा खरंच तिला पाणी हवं होतं. तांब्या घेऊन गेले तर म्हणाली, आत्ताच मनात आलं होतं. म्हणजे हाक तिने मारलीच नव्हती. पाणी मात्र प्याली.

१९ फेब्रु.
आले. दादा पिशवी खाली ठेवायच्या आत मीच सांगून टाकलं. माय पडली, एक हाक मारली, मला ऐकू आली, मी उठले नाही. खोली गेली तर गेली, पण हे पोटात ठेवून मला पाडवा गोड लागला नसता.
दादा मायचा पाय पाहत बसला. वहिनीच बोलली. "तुम्ही तं पाच हाकेतबी उठत नाही जी. तुम्हाले धाडाचं का तिरोड्याले?"
दादा हसला नाही, पण मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "पाडव्याले अजून टाइम आहे. पाहू."
दादाचं पाहू म्हणजे काय, ते आजवर वहिनीलाही उमगलेलं नाही.

२२ फेब्रु.
माय काठी घेऊन चालते. कालपासून ती हाक मारत नाही, काठीने माझ्या मशीनच्या पायाला टोचते. म्हणते, "आता तं खरं वाटते ना?"
दादा जेवून बाजाराकडे गेला. कशाला ते सांगितलं नाही. वहिनी म्हणते मलाही नाही. ती धुणं घेऊन मागे गेली आहे.
आत्ता फाटकातून, "कुंदा." दादाचा आवाज. एकच हाक.
दोघी दादाचा आवाज काढत नाहीत. काढतात, पण क्वचित. मागे जाऊन वहिनीला विचारता येईल. नको.
सुई कापडात टोचून ठेवली. पाहून येते.